सगळ्यांचं दुखणं

त्या वर्षी पाऊस जायचं नावच घेईना. पोळा झाला, गणपती गेले, घट बसले तरी आभाळ गळतच होतं. कापणीला आलेल्या सोयाबीनच्या शेंगांना उभ्या झाडावर कोंब फुटले. लोक बांधावर उभं राहून नुसते बघायचे आणि घरी यायचे. शेतात पाय घातला की चपला चिखलातच राहायच्या. असं झालं की आमच्या गावाला एकच वाट उरते. बोरीच्या फाट्यावर मुकादमाची गाडी लागते आणि तिच्यात बसून दिवाळीनंतर ऊसतोडीला खाली, कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत जायचं.

त्या गाडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं पाचट काढायचं, मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. दोघांतलं एक कमी पडलं की तो कोयता अर्धा, आणि अर्ध्याला मुकादम दारात उभं करत नाही. नवरे दारू पिऊन पडले तर चालतं, त्याला 'जरा पितो' म्हणतात. बाई पडली तर कोयता मोडला.

वैजीनाथ आणि रुख्मिणी यांचा कोयता गावात पक्का समजला जायचा. रुख्मिणी बुटकी, रुंद हाडाची, कामाला वाघीण. लग्न झाल्यापासून तिनं एक हंगाम चुकवला नव्हता. तिची सासू पार्वतीबाई घर राखायची आणि मुलगी भक्ती आजीजवळ राहून बोरीच्या शाळेत जायची. यंदा भक्तीची दहावी होती. तिच्या बरोबरीच्या दोघी कधीच कोयत्यावर गेल्या होत्या. रुख्मिणीनं मात्र एकच गोष्ट धरून ठेवली होती, की आपण मरेस्तोवर मोळ्या उचलू पण पोरीच्या डोक्यावर मोळी चढू द्यायची नाही. ती हे कुणाला सांगत नसे. सांगून करायचं काय, उचलायची तर तिलाच होती.

श्रावणातच गावात योगिनी आली होती. परभणीची, शिक्षकाची मुलगी, पीएचडी करायला पुण्यात राहिलेली. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांवर ती लिहिणार होती. असं लिहिणारे आधीही येऊन गेले होते. ते पारावर खुर्ची टाकून बसायचे आणि बाईला प्रश्न विचारले तरी उत्तर नवरा द्यायचा. योगिनीला ते मान्य नव्हतं. ती खुर्चीवर बसेना. मॅडम म्हटलं की 'ताई म्हणा' म्हणे. बायांबरोबर खुरपायला जाई आणि तणाबरोबर चार कपाशीही उपटून ठेवी. बाया तोंडाला पदर लावून हसत.

शिवाय तिचा एक नेम होता. दुसरीला विचारायचं तर आधी आपलं सांगायचं. एका दुपारी बांधावर भाकरी खाताना तिनं आपल्या मोडलेल्या संसाराची सगळी कहाणी सांगितली. नवऱ्यानं हात कसा उचलला, पोट कसं पडलं, माहेरी कशी आली. बाया घास हातात धरून ऐकत होत्या.

"मग माघारी कामून न्हाई गेलात?" सुलाबाईनं विचारलं. सुलाबाई भावकीतलीच, रुख्मिणीची चुलत जाऊ, वयानं मोठी.

"का जायचं?" योगिनी म्हणाली.

"तेबी खरंय म्हना. तुमचं तुमाला पगार हाय."

योगिनीला वाटलं आता अंतर मिटलं. बिचारीचा हेतू चांगला होता, त्याबद्दल आजही कुणी वाकडं बोलणार नाही. पण आपलं दुखणं सांगून तिचं काही जाणार नव्हतं. तिला कुणी गाडीतून उतरवणार नव्हतं. एवढी साधी गोष्ट इतक्या शिकलेल्या बाईच्या ध्यानात आली नाही.

घटस्थापनेनंतर तिनं बायांना समाजमंदिरात बोलावलं. पाऊस असल्यानं शेतात काम नव्हतंच. पुरुषांना बाहेर घालवलं, दार लोटलं, आणि पिशवीतून पांढरी रांगोळी, हळद, कुंकू काढलं. आपण बाईचं चित्र काढू, म्हणाली. एकीनं जमिनीवर आडवं व्हायचं, तिच्याभोवती रांगोळीची रेघ ओढायची, मग जिला जिथं दुखतं तिथं तिनं हळद ठेवायची आणि जिथं सोसवत नाही तिथं कुंकू.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. आमच्याकडं माणूस गेलं की जिथं त्याला निजवलं होतं तिथं पीठ पसरतात आणि दुसऱ्या दिवशी त्यात कसला ठसा उमटला ते बघतात. जित्या माणसाला भुईवर निजवून भोवती पांढरी रेघ कुणी ओढत नाही.

"मी न्हाई बाई निजत," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "माझा मालक मारंल मला."

"काही होत नाही हो," योगिनी म्हणाली. "आणि हे कुणा एकीचं चित्र नाही. हे आपल्या सगळ्यांचं अंग आहे. इथलं इथंच राहील, माझा शब्द आहे."

शेवटी रुख्मिणी उठली. "काय मरायलेत गं भिऊन? वढा रेघ." आणि खुशाल पदर सावरून आडवी झाली. योगिनीनं तिच्या डोक्यापासून टाचेपर्यंत रेघ फिरवली. रुख्मिणीला गुदगुल्या झाल्या तशी बाया खो खो हसल्या. ती उठून साडीची रांगोळी झटकत बाजूला बसली, तेव्हा भुईवर तिची बुटकी, रुंद आकृती उरली होती.

मग योगिनीनं सगळ्यांना भिंतीकडं तोंड करून बसायला लावलं, म्हणजे कुणी काय ठेवलं ते कुणाला दिसणार नाही. एकेक बाई उठली. मानेवर हळद पडली, गुडघ्यावर पडली. कमरेवर तर ढीगच झाला, त्यात रुख्मिणीचीही चिमूट होती. आणखी कुठं ठेवावं असं तिला काही नव्हतंच. छातीवर कुणी कुंकू ठेवलं, का ते कुणी विचारलं नाही. सुलाबाईची पाळी आली तेव्हा ती बराच वेळ उभी राहिली, मग वाकून तिनं दोन्ही मांड्यांच्या मधे मूठभर कुंकू ओतलं.

"अंग भायेर येतं ताई," ती अगदी हळू म्हणाली. "मोळी उचलली की येतं. फडक्यानं आत ढकलून बांधते अन् चढते फळीवर. मालकालाबी ठावं न्हाई."

रुख्मिणी भिंतीकडं तोंड करून पलीकडंच बसली होती. तिनं ऐकलं आणि मान वळवली नाही. जाऊबाई इतकी वर्षं फडावर शेजारच्याच कोपीत, पाचटाच्या झोपडीत राहून हे पोटात ठेवत होत्या, याचं तिला फार वाईट वाटलं.

शेवटी सगळ्या वळून बसल्या तेव्हा कुणी हसलं नाही. पांढऱ्या रेघेच्या आत हळद-कुंकवानं चिखल झाला होता. दोघीतिघी रडल्या. योगिनीही रडली. तिनं फोटो काढले, आणि ते चित्र पुसायला काही तिचं मन होईना. राहू द्या आजचा दिवस, म्हणाली, आणि बोरीला आपल्या खोलीवर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम रामप्रसाद समाजमंदिरात आला. टोळीतल्या गड्यांना त्यानं तिथंच बोलावलं होतं. दार उघडलं आणि सगळे उंबऱ्यावरच थबकले.

"हे काय करनी केली कुणी?" रामप्रसाद म्हणाला.

कालच्या बायांपैकी एकीचा नवरा म्हणाला, "करनी न्हाई, त्या ताईनं काढलंय. वैजीनाथच्या बायकूला निजवून काढलंय. ज्याला जिथं दुखतंय तिथं खूण करायची म्हनं."

बास. यापुढं कुणाला काही समजून घ्यायची गरज उरली नाही. आकृती रुख्मिणीची, तेव्हा खुणाही रुख्मिणीच्या. पार्वतीबाई काठी टेकत आली, वाकून बघितलं आणि तिथंच कपाळ बडवून घेतलं. "अगं माय माय, इतकं घेऊन फिरायली व्हय ही! अन् मला म्हनली काय न्हाई झालं!"

रामप्रसाद वाईट माणूस नव्हता, मुकादम होता. तो सरळ वैजीनाथच्या घरी गेला आणि ओसरीवर बसला. चहा नको म्हणाला, तसा वैजीनाथ उठून उभा राहिला.

"वैजीनाथ, तुझा कोयता काय खरा दिसंना. उचल तर घेऊन बसलास, हंगामाचे पैसे आधीच."

"कामून? काय झालं?"

"बायकूला इचार. समद्या गावानं बघितलं, तुलाच न्हाई ठावं."

रुख्मिणी चुलीपुढून उठून आली. हातात पिठाचा गोळा तसाच होता. "मुकादम, ते समद्या बायांचं हाय. माझं त्यात कमरंचं तेवढं. कंबर कुणाची दुखत न्हाई?"

"चित्र कुणाचंय?"

"माझ्याभवती रेघ वढली. पन…"

"मग झालं की."

वैजीनाथनं चार माणसांत मान खाली घातली, आणि घालावी लागली त्याचा राग बायकोवर काढला. तो ओरडला, "दुसऱ्या बाईला सांगायला जीभ हाय, घरात सांगाया न्हाई?" ती म्हणाली, "सांगायला काय असंल तर सांगीन ना." ओसरीशेजारी भिजलेल्या सोयाबीनची पोती होती. तिनं त्यातलं एक नवऱ्याला डोक्यावर द्यायला लावलं आणि पारापर्यंत जाऊन आली. ओलं पोतं, आंबलेला वास, पाणी गळून पाठीवर येत होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला लोक उभे होते, बैल विकत घेताना राहतात तसे. तिनं पोतं मुकादमाच्या पायाशी टाकलं.

रामप्रसाद म्हणाला, "आज उचललं. उद्या थंडीत फळीवरनं पडली तर मी काय करू? गाडी थांबवून दवाखाने हिंडू?"

"मग काय करू मी? दाखवू का काय?" रुख्मिणी रागानं बोलून गेली.

रागाचा तो शब्द पार्वतीबाईनं खरा धरला. तिनं सुनेचा हात धरून तिला आत नेलं आणि दार लावलं. बाहेर पुरुष तंबाखू मळत बसले. शनिवारची सकाळची शाळा सुटून भक्ती दप्तर घेऊन तेव्हाच आली. बाप ओसरीवर, मुकादम ओसरीवर, दार बंद. "आई कुठंय?" तिनं विचारलं. आतून आजीचा आवाज आला, "नीट नीज जरा. मला दिसत न्हाई." पोरगी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. एका धडधाकट बाईची तिच्याच घरात अशी तपासणी झाली आणि ओसरीवरच्या एकालाही उठून जावंसं वाटलं नाही.

पार्वतीबाई बाहेर आली. हात धुतले.

"आत्ता तर काय दिसत न्हाई," ती म्हणाली.

त्या 'आत्ता'नं सगळं संपवलं. म्हातारीच्या मनात पाप नव्हतं, पण सून निर्दोष आहे असं छातीठोक म्हणायची तिला सवयच नव्हती. रामप्रसाद उठला. "दवाखान्यात नेशील तर पिशवी काढून हातात देतेत, पुन्हा तीन महिने उचलायचं न्हाई. बघ तुझं तू. पोरगी थोराड झालीय तुझी. बाप-लेकीचा कोयता लावतो, मला चालतंय." जाताना त्यानं भक्तीकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. वाईट नजरेनं नाही. वजन अंदाजावं तसं.

रुख्मिणी आतल्या खोलीत अजून साडी नेसत होती. तिनं हे ऐकलं.

योगिनीला निरोप गेला. ती धावतच आली. समाजमंदिरात वैजीनाथ, रामप्रसाद, भावकीतले चार गडी आणि दाराशी बाया अशी बैठक झाली. भुईवरचं चित्र एव्हाना पायांनी फिसकटलं होतं. योगिनीनं परोपरीनं समजावलं. हे एकीचं नाही, सगळ्यांचं आहे. रुख्मिणी फक्त आडवी झाली होती.

रामप्रसाद म्हणाला, "मानलं. मग मधल्या कुकवाची खून कुनाची?"

योगिनीनं भुईवरच्या फिसकटलेल्या कुंकवाकडं बघितलं.

"तुमी हजर होता. तुमाला ठावं हाय. नाव सांगा, मी रुख्मिणीला गाडीत घेतो. इथंच मिटलं."

"मी शब्द दिलाय त्यांना," योगिनी म्हणाली. "नाव मला सांगता येणार नाही. कुणाचंच."

दाराशी बाया उभ्या होत्या. त्यांच्यापैकी प्रत्येकीनं त्या आकृतीत काही ना काही ठेवलं होतं. मान, गुडघे, छाती, सगळं वाटून घेता आलं असतं. एक जरी पुढं येऊन म्हणाली असती, 'ते गुडघ्याचं माझं,' तरी चित्र रुख्मिणीचं राहिलं नसतं. कुणी हललं नाही. प्रत्येकीला दिवाळीनंतर गाडीत बसायचं होतं. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, पण रागही जात नाही.

रुख्मिणीनं वाट बघितली. मग ती म्हणाली, "सुलाबाईनं ठिवलं कुकू. मी ऐकलं माझ्या कानानं."

सुलाबाईचा चेहरा क्षणभर पांढरा पडला आणि लगेच ती उसळली. "माझं नाव घेतीस? तुझं झाकायला माझं नाव? माझ्या लेकाची आन, माझ्या अंगात काय न्हाई. कर्म फुटलं गं तुझं, तोंड झडंल तुझं!" तिचा नवरा पुढं सरसावला. वैजीनाथनं रुख्मिणीच्या मुस्काटात मारली, आपल्या बायकोनं भावकीतल्या बाईवर आळ घेतला म्हणून.

गालावर हात ठेवून रुख्मिणी योगिनीकडं वळली. "ताई, मी खोटं बोलायले का? तेवढं तर सांगा. नाव घिऊ नका. मी खोटं न्हाई बोलत एवढंच म्हना."

हो म्हटलं तर सुलाबाई गेली. तिचा नवरा तसलाच होता, त्यानं तिला तिथंच तुडवलं असतं. नाही म्हटलं तर रुख्मिणी गेली.

"मला काहीच बोलता येणार नाही, रुख्मिणीताई," ती म्हणाली आणि रडायला लागली.

शहाणी माणसं म्हणतील तिनं बरोबर केलं. म्हणोत. रुख्मिणीला मात्र त्या दिवशी आजाराच्या जोडीला खोटारडेपणाही चिकटला. लोक पांगले. योगिनी तिच्यामागं गेली. मी तक्रार करते, म्हणाली, पोरगी लहान आहे, तिला कामावर नेता येत नाही, कायदा आहे. रुख्मिणीनं दारातच हात आडवा धरला.

"आता काय करू नका ताई. तुमी केलं की आमच्यावर येतं."

दिवाळी झाली. फाट्यावर गाडी लागली. रुख्मिणी आपलं गाठोडं घेऊन गेली होती. मजुरी नको, कोयत्यात धरू नका, नुसती भाकरी करायला पोरीजवळ राहू द्या, म्हणाली. रामप्रसादनं आजारी माणूस गाडीत घेत नाही म्हणून सांगितलं. तिनं गाडीचा फाळका धरला तेव्हा वैजीनाथनं तिची बोटं सोडवली.

सुलाबाई गाडीत आधीच चढून बसली होती. वरून म्हणाली, "मी हाय की. माझ्या कोपीला लागून कोपी टाकू. बघते मी पोरीकडं." तिच्या आवाजात मऊपणा होता, आणि तो खोटा नव्हता. भक्ती बापाशेजारी भांड्यांवर बसली. तिनं शाळेचाच ड्रेस घातला होता, दुसरा धड नव्हता. गाडी हलली तेव्हा रुख्मिणी रडली नाही. भर रस्त्यात खाली बसली, आणि मागून येणाऱ्या जीपवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून तिला उठवलं.

योगिनी पुण्याला गेली. तिच्या गुरुबाईंनी तिला सांगितलं की शब्द पाळणं महत्त्वाचं होतं, आणि जे झालं त्याबद्दल स्वतःच्या अपराधी भावनेसकट सगळं लिही. तिनं लिहिलं. ते पुष्कळांना आवडलं. पण झोप लागेना म्हणून संक्रांतीनंतर ती त्यांचा उसाचा फड शोधत खाली गेली.

सकाळचं धुकं होतं. तोडलेल्या उसाच्या वाढ्यांवर, हिरव्या शेंड्यांवर दव होतं आणि पाचटाच्या धारेनं सगळ्यांचे हात चिरलेले. वैजीनाथ लांब वाकून तोडत होता, त्यानं मान वर केली नाही. सुलाबाई बांधाच्या कडेला बसून मोळ्या बांधत होती, नुसत्या बांधतच होती. योगिनीला बघून तिनं पदर पुढं ओढला.

गाडीला टेकवलेल्या फळीवरून भक्ती खाली येत होती. डोक्यावर चुंबळ, मानेच्या शिरा टरारलेल्या, गालावर उसाच्या कुसांनी उठलेले ओरखडे. ती बापाच्या मोळ्या चढवी, आणि त्या संपल्या की सुलाबाईच्या. योगिनीनं हे दोनदा बघितलं तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"काकूंच्याही तूच उचलतेस?"

भक्तीनं मागं वळून बघितलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली. "त्यांला उचलवत न्हाई. लय तरास हाय त्यांला. पहिल्याच महिन्यात रगत गेलं, मीच धुतलं लुगडं. मला म्हनल्या, कुनाला सांगू नको, तुझ्या पाया पडते."

"भक्ती, अगं, हे तुझ्या आईला कळलं तर…"

"आईला सांगू नका ताई. ती जीव दील." मग ती जरा हसली, चिडून नाही, समजूत काढावी तशी. "तुमी न्हाईच सांगणार म्हना. तुमी कुनाचं कुनाला सांगत न्हाई."

गाडीवरून रामप्रसाद ओरडला, "ए पोरी, गप्पा मारायलीस का? गाडी जायचीय कारखान्याला." भक्ती लगेच वाकली. पुढची मोळी मोठी होती, सुलाबाईनं बांधलेली, आणि एकटीला डोक्यावर घेता येण्यासारखी नव्हती.

"हात लावा जरा," ती म्हणाली.

योगिनीनं खांद्याची पिशवी खाली ठेवली, मोळीखाली दोन्ही हात घातले आणि ती उचलून पोरीच्या डोक्यावर दिली. भक्तीची मान खांद्यात गेली, गुडघे एकदा लटपटले, मग सरळ झाले. ती फळीकडं चालायला लागली आणि योगिनी पुढच्या मोळीपाशी उभी राहिली.